निशाणामागील भिंत

जुन्या छावण्यांच्या गावी 'चांदमारी' ह्या नावाची एखादी जागा अजून दाखविली जाते. तेथील निशाणे केव्हाच नाहीशी झालेली असतात. पण मातीचा उंच बांध पुष्कळदा शिल्लक उरतो. चांदमारीत खरे महत्त्व त्या बांधालाच असे. लागलेली गोळी कोठे लागली हे मागाहून मोजता येते. चुकलेली गोळी कोठे जाईल ह्याचा विचार मात्र अगोदरच करावा लागतो. तो विचार जेथे केलेला आहे, तीच नेमबाजीची जागा होय.

2024 साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे ह्यांनी 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. असे यश पाहून यवतमाळच्या एखाद्या मुलामुलीस ह्या खेळाची ओढ लागली, तर त्यात नवल ते काय? परंतु सराव करावयाचा कोठे, असा प्रश्न निघताच घरातील वडीलधाऱ्यांस प्रथम सुचते ते गावाबाहेरचे शेत, नदीचे पात्र किंवा रान. जिल्हा विस्तीर्ण, वस्ती विरळ. मग अडचण कसली, असे त्यांस वाटते. चूक होते ती येथेच.

मोकळी जमीन ही रिकामी जमीन नव्हे. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की पऱ्हाटीच्या ओळींत वाकून काम करणाऱ्या बाया दुरून दिसतही नाहीत. धुऱ्यापलीकडे गुराखी असतो, पांदणीने बैलगाडी येत असते. सरावाच्या रायफलीतील 0.22 इंच व्यासाची गोळी दिसावयास शिसपेन्सिलीच्या जाडीची. पण वर झाडली गेली तर ती दीड मैलापर्यंत जाऊ शकते. वर्धा किंवा पैनगंगेच्या पात्रातील गोट्यांवर अथवा पाण्यावर ती तिरकी आपटली, तर उसळून भलत्याच दिशेला वळते. म्हणून नदीची दरड दिसली म्हणजे बांध मिळाला, असे समजणे धोक्याचे आहे.

रानाची गोष्ट तर निराळीच. ह्या जिल्ह्यात टिपेश्वर व पैनगंगा ही दोन अभयारण्ये आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरण्यासही मनाई आहे. अभयारण्याबाहेरही संरक्षित पशुपक्ष्यांवर नेम धरणे ही शिकारच ठरते; प्राणी मेला नाही, केवळ प्रयत्न झाला, ही सबब चालत नाही. होल्यावर वा पोपटावर छर्रा झाडणाऱ्या मुलाच्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता शस्त्राच्या कायद्याकडे वळू या. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगण्यास परवाना लागतो आणि तो सामान्यतः जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. वयाची 21 वर्षे पुरी होण्यापूर्वी तो मिळत नाही. लहानांस प्रशिक्षणापुरती, नियमांनी घातलेल्या अटींवर, मोकळीक आहे. परंतु बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे ती वाटेल तेथे झाडण्याची मुभा नव्हे. 2019 च्या दुरुस्तीने, निष्काळजीपणे अथवा आनंदोत्सवात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

मग नवख्याने आरंभ कोठे करावा? चार भिंतींच्या आत, दहा मीटरांवर, हवेच्या रायफलीने. 4.5 मिलिमीटर व्यासाच्या व 20 ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाही. दहा मीटर हे अंतर पोरखेळाचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. ह्या रायफलीच्या निशाणावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. म्हणजे छर्‍याहूनही कितीतरी लहान. ह्याच अंतरावर ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील 2022 साली जगज्जेते झाले.

परवाना नको, म्हणून काळजीही नको असे नाही. छर्‍याने डोळा जाऊ शकतो. यासाठी निशाणामागे पक्की भिंत व छर्रे अडविणारी लोखंडी पेटी असावी. नेमबाज व निशाण यांच्या मधल्या जागेत दार उघडता कामा नये. कागद बदलण्यास कोणी पुढे जाणार असेल, तर त्यापूर्वी प्रत्येक बंदूक रिकामी करून, तिचा खटका उघडा ठेवून, खाली ठेवलेली असावी. छर्रे शिशाचे असतात. म्हणून दालनात हवा खेळती हवी आणि सरावानंतर हात धुतल्यावाचून खाऊ नये.

महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेचे पथक असेल, तर तेथे 0.22 च्या रायफलीची ओळख शिस्तीत होते. त्यापुढची तयारी मान्य चांदमारीवरच करावी. मुंबईस वरळी येथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनची, तर पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलात शासनाची सोय आहे. दोन्ही यवतमाळपासून शेकडो किलोमीटर दूर. पण पहिली काही वर्षे दहा मीटरांच्या दालनात सार्थकी लागतात. जवळपास असे दालन आहे काय, ह्याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत करावी. बंदुकीच्या क्लबास व चांदमारीसही 2016 च्या नियमांनुसार परवाना घ्यावा लागतो. तो पाहावयास मागण्यात संकोच मुळीच नसावा.

पाल्यास तेथे प्रथम नेणाऱ्या वडिलांनी भिंतीवरची पदके मागाहून पाहावीत. आधी निशाणाच्या मागे जावे आणि तेथे काय आहे ते पाहावे. मागे पक्की भिंत असेल, तर मुलाने निश्चिंतपणे नेम धरावा. मागे कापसाचे शेत असेल, तर बंदूक पिशवीतून बाहेरच काढू नये.