पाणी, शीव आणि चकवा : मजकुरी खेळांतील ऐतिहासिक भय आणि धाराशिवची भूमी

मजकुरी भूमिकाखेळ म्हणजे ज्यात चित्र नसते, आवाज नसतो आणि पडद्यावर केवळ अक्षरे उमटतात असा खेळ. त्यात एक सूत्रधार प्रसंगाचे वर्णन लिहितो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती आणि बोलणे लिहून उत्तर देतात, आणि या देवाणघेवाणीतून सगळे मिळून एक कथा रचत जातात. सूत्रधार आणि पात्र ही मांडणी गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने रूढ केली, तर 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेल्या ‘मड’ने अनेक खेळाडूंना एकाच वेळी शब्दांच्या दालनांतून फिरण्याची सोय करून दिली. 1981 मध्ये सँडी पीटर्सन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने खेळाडूला 1920 च्या दशकात नेऊन बसवले, जुनी पत्रे, दप्तरे आणि वर्तमानपत्रे चाळता चाळता भीती कशी वाढते हे दाखवले, आणि तेव्हापासून ‘ऐतिहासिक भय’ ही या खेळांची एक स्वतंत्र शाखा झाली. त्या त्या काळातल्या माणसाला जे ठाऊक नव्हते आणि ज्यावर त्याचा इलाज चालत नव्हता, त्यातून उपजणारी भीती, असा या संज्ञेचा साधा अर्थ आहे.

मराठीत भयकथेची परंपरा नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी घडवली, आणि 2018 च्या ‘तुंबाड’ चित्रपटाने तिला देशभर प्रेक्षक मिळवून दिला. तरीही मराठी वाचकाच्या मनात भयाचे जे चित्र पक्के बसले आहे त्यात बहुधा कोकणातला न थांबणारा पाऊस, शेवाळलेला वाडा आणि माडांच्या बनातला अंधार असतो. धाराशिव जिल्ह्याला हे चित्र लागू पडत नाही. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा कमी पावसाचा, उघड्या माळाचा आणि काळ्या दगडाचा मुलूख आहे, आणि येथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात जी धास्ती राहिली ती पाण्याची, म्हणजे ते नसण्याची आणि कधी अवेळी असण्याची. येथे कोकणातले भूत आणून बसवण्यापेक्षा या धास्तीलाच खेळाचा पाया करणे अधिक खरे ठरते, कारण त्यासाठी लागणारी सामग्री या जिल्ह्यात दगडात कोरलेली आणि ग्रंथांत नोंदलेली आहे.

त्यातले पहिले ठिकाण नळदुर्ग. बोरी नदीचे पात्र अडवून इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, सन 1613 मध्ये, येथे दगडी बंधारा बांधला गेला आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात पाणीमहाल रचला गेला. नदीला पूर आला की नर आणि मादी या नावांच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आत बसलेला माणूस चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला असूनही कोरडा राहतो. सूत्रधाराने येथे कसे लिहावे याचा विचार जरा थांबून करण्यासारखा आहे. ‘महाल भयाण आणि गूढ होता’ असे लिहिले तर खेळाडूला करण्यासारखे काहीच उरत नाही. त्याऐवजी ‘खिडकीबाहेर नदी पडते आहे. तिच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. भिंतीला हात लावला तर दगड थरथरतो आहे. तुम्ही चौघे आत आला होता, पण जमिनीवर ओल्या पावलांच्या पाच जोड्या आहेत’ असे लिहिले, की चारही खेळाडू आपण कुठे उभे होतो हे आठवू लागतात, एकमेकांना हाका मारतात आणि त्या हाका ऐकू जात नाहीत हे त्यांच्या ध्यानात येते. मजकुरी खेळात भीती विशेषणांतून येत नसून मोजता येणाऱ्या गोष्टींतून येते, आणि ऐतिहासिक वास्तू त्या गोष्टी तयार हातात देते.

दुसरे ठिकाण धाराशिव शहराजवळची लेणी, आणि तिथली सामग्री याहून विलक्षण आहे. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश भाषेतील जैन चरितकाव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची कथा येते, आणि हे तेरापूर म्हणजे आजचे तेर व ही लेणी म्हणजे धाराशिवची लेणी असे अभ्यासक मानतात. करकंड राजाला कळते की एक हत्ती पाणी आणि कमळ आणून एका वारुळाची पूजा करतो. वारूळ खणल्यावर आतून पार्श्वनाथांची मूर्ती निघते. पुढे लेण्यातल्या मूर्तीच्या सिंहासनावर राजाला दगडाची एक गाठ दिसते, ती फोडली तर आतले पाणी उसळेल असे कारागीर सांगतो, राजा तरीही ती फोडायला लावतो आणि लेणे पाण्याने भरून जाते. भयकथेच्या कोणत्याही शिक्षकाने हेवा करावा अशी ही रचना आहे, कारण तिच्यात राक्षस नाही, शाप नाही. जाणत्या कारागिराचा इशारा आहे, सत्ताधाऱ्याचे कुतूहल आहे आणि पश्चात्ताप उशिरा येतो. खेळात हा निर्णय खेळाडूंच्या हाती सोपवावा, त्यातल्या एकाला कारागिराची भूमिका द्यावी आणि बाकीच्यांनी त्याचे ऐकायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे.

परांड्याच्या किल्ल्याचा उल्लेख थोडक्यात पुरे. 1549 मध्ये अहमदनगरात ओतलेली सुमारे 55 टनांची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये ती विजापूरला नेली गेली. तिच्या तोंडाशी जबडा वासलेल्या सिंहाचे मुख असून त्याच्या दाढांत हत्ती चिरडलेला दाखवला आहे. ती ओढून नेणाऱ्या बैलांचा आणि माणसांचा, 1630 च्या दुष्काळाने ओस पडलेल्या गावांमधून जाणारा प्रवास हा एका दीर्घ खेळाचा विषय होऊ शकतो.

स्थळांइतकीच महत्त्वाची आहे ती सीमेची कल्पना. साथीच्या रोगात मरीआईचा गाडा सजवून, वाजतगाजत तो गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती, आणि पलीकडचे गाव आपल्या शिवेवर तो गाडा येऊ नये म्हणून जागत असे. दोन गावे, एक शीव आणि रात्रीतून पुढे सरकलेला गाडा एवढ्यावर खेळ उभा राहतो. चकवा ही कल्पना तर जणू या माध्यमासाठीच घडली आहे : रात्री माळावर वाट चुकलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे निघाला होता तिथेच परत येतो. 1976 च्या सुमारास विल क्राउदर या प्रोग्रॅमरने केंटकीतल्या मॅमथ केव्ह या खऱ्या गुहाव्यवस्थेच्या आधारे संगणकावर जी शब्दांची गुहा रचली, तिच्यात सगळ्या दालनांची वर्णने सारखीच असलेला एक चक्रव्यूह होता, आणि खेळाडू त्यात अगदी चकवा लागल्यासारखे फिरत. मराठी सूत्रधाराने तेच वर्णन तिसऱ्यांदा लिहिताना फक्त एक शब्द बदलावा, म्हणजे बाभळीला टांगलेली चिंधी पहिल्यांदा कोरडी आणि तिसऱ्यांदा ओली असावी, एवढे पुरेसे असते.

काळाचा भास मात्र स्थळांनी होत नाही, तो मापांनी आणि उजेडाने होतो. अंतर कोसात, वेळ प्रहरात आणि घटकेत, धान्य पायलीत, उजेड दिवटीच्या तेलाइतका, आणि निजामी अमलातले सरकारी कागद फसली सनात : हे सांभाळले की खेळाडू आपोआप त्या काळासारखा विचार करू लागतो, कारण तेल संपण्यापूर्वी कोठे पोहोचता येईल याचा हिशेब त्याला सतत करावा लागतो. तुळजापुरात शारदीय नवरात्रापूर्वी भवानीमातेची मूर्ती पलंगावर निद्रिस्त असते. तो काळ खेळात तिथी म्हणून यावा, देवस्थान मात्र भयाची वस्तू होऊ नये.

कागदपत्रांच्या वापरात सर्वांत मोठा धोका आहे. कर्नल मेडोज टेलर हे 1853 नंतर, नळदुर्ग इंग्रजी अमलाखाली असताना, येथे अधिकारी होते. त्याआधी 1839 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने ठगांचे भय युरोपभर पोहोचवले होते. वाटेतला गोडबोल्या सोबती, मुक्काम आणि रुमाल ही सामग्री सूत्रधाराला मोहात पाडणारी आहे. परंतु साम्राज्याच्या लेखणीने माणसांच्या संपूर्ण समूहांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यावर शिक्का मारला, तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, आणि त्याचे चटके सोसणाऱ्या पारधी समाजाच्या वस्त्या याच जिल्ह्यात आहेत. म्हणून अशा खेळात भय व्यक्तीचे असावे, जातीजमातीचे कधीही नसावे. शक्य असल्यास टेलर यांच्यासारखा नोंदी करणारा अधिकारीच पात्र म्हणून घ्यावा आणि त्याच्या नोंदी खोट्या निघत जाव्यात. हाच न्याय चेटकीण ठरवल्या गेलेल्या बाईला लागू होतो. अशा बाईला खरोखरच चेटकीण दाखवणारा खेळ इतिहासाशी आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यामागच्या दीर्घ लढ्याशी बेइमानी करतो. तिच्या दाराशी जमलेला गाव हे खरे भय आहे.

अलीकडच्या दुःखांची गोष्ट याहून वेगळी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूरसह या जिल्ह्यातील, विशेषतः सास्तूर परिसरातील, घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि त्या माणसांचे नातलग आज त्याच गावांत राहतात. ती रात्र खेळाची पार्श्वभूमी होऊ नये, असे स्पष्ट म्हणावे लागते. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानात झालेल्या पोलीस कारवाईच्या आगेमागे जे घडले त्याविषयीही तीच सावधगिरी हवी. बाकीच्या प्रसंगांतही कोणते विषय खेळात येणारच नाहीत आणि कोणते केवळ सूचित होतील हे सूत्रधाराने पहिल्याच बैठकीत सर्वांना विचारून ठरवावे, आणि कोणत्याही खेळाडूला कारण न देता प्रसंग थांबवण्याची मुभा असावी.

क्राउदर स्वतः गुहांमध्ये उतरून त्यांची मोजणी करणाऱ्यांपैकी होता, आणि शब्द त्याने नंतर लिहिले. धाराशिवच्या भूमीवर खेळ रचू पाहणाऱ्या मराठी तरुणांनी हाच क्रम पाळावा, आणि पहिली ओळ लिहिण्यापूर्वी नळदुर्गचा पाणीमहाल दोनदा पाहावा : एकदा बोरीला पाणी असताना आणि एकदा ती कोरडी असताना.