मागच्या बाकावरचे गुरुजी

‘आ आईचा’ म्हणत चित्राकडे बोट दाखवलं, की मुखेड-कंधारकडच्या तांड्यावरचं पहिलीतलं पोर म्हणतं, ‘याडी’. ते बरोबरच बोलतं. बंजाऱ्यांच्या गोरमाटीत आई म्हणजे याडी. धर्माबादकडचं तेलुगू घरातलं मूल ‘अम्मा’ म्हणेल, देवणी-औरादकडचं कन्नड घरातलं ‘अव्वा’. चित्र तिघांनी ओळखलेलं असतं. त्यातला ‘आ’ मात्र एकालाही सापडत नाही. अशा वेळी पुढे काय करायचं, हे समोर उभ्या असलेल्या बाईंना किंवा गुरुजींना कुणी शेजारी बसून दाखवलेलं असतं का, हा माझ्या लेखी नांदेड-लातूरच्या शिक्षणातला सगळ्यांत मोठा प्रश्न आहे.

लातूरचं नाव राज्यभर झालं ते बारावीमुळे. ‘लातूर पॅटर्न’ म्हटलं की शिकवणी वर्ग, वैद्यकीय प्रवेश आणि परजिल्ह्यांतून येऊन खोल्या करून राहिलेली मुलं आठवतात. शेवटच्या पायरीवर एवढी मेहनत घेणाऱ्या या जिल्ह्यात पहिल्या पायरीचं काम करणारी संस्था शहराबाहेर, बार्शी रस्त्यावरच्या मुरुडला आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था हे तिचं नाव. शिक्षकांच्या तोंडी ती ‘डाएट’. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक जिल्ह्यात अशी एक संस्था असावी असं म्हटलं आणि पुढच्याच वर्षी केंद्राची योजना आली. नांदेडची डाएट खुद्द नांदेड शहरात आहे. डाएटच्या खाली तालुक्याला गटसाधन केंद्र, त्याखाली दहा-बारा शाळांचं केंद्र आणि त्याचे केंद्रप्रमुख, अशी ही उतरंड आहे.

प्रशिक्षणही याच उतरंडीनं खाली येतं. पुण्यात तज्ज्ञ शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. पाटाच्या शेवटच्या शेताला जेवढं पाणी पोचतं, तेवढंच या वाटेनं वर्गापर्यंत पोचतं. ज्वारीची शेती करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सभागृहात पन्नास जणांना पडद्यावर दाखवलेली वाचनाची रीत सोमवारी वर्गात उतरत नाही, कारण वाचायला शिकवणं हे हाताचं काम आहे. सुतारकीसारखं ते कुणाच्या तरी नजरेखालीच जमतं.

या कामात मराठीत सर्वांत खोल रुजलेली परंपरा फलटणची. मूळच्या अमेरिकेच्या, भाषाशास्त्र शिकलेल्या डॉ. मॅक्सिन बर्नसन 1966 साली फलटणला आल्या आणि 1978 साली भारताच्या नागरिक झाल्या. तिथल्या दलित वस्तीतली मुलं शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 साली कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. मुळाक्षरं आणि बाराखडी ओळीनं घोकून घेण्याऐवजी थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा एकत्र घ्यायची, आणि त्यातून लगेच अर्थाचे शब्द वाचायचे, ही या वाटेची खूण.

हे सोपं वाटतं. करून पाहावं. क, म, न, र आणि काना एवढंच घेतलं तरी काका, मामा, कान, नाक, रान, मका, कमान एवढे शब्द हाती येतात. ‘ज्ञ’पर्यंत पोचायची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात पोराला कळतं, की या रेघांना अर्थ असतो. मग मराठीचे खाचखळगे येतात. ‘कि’मधली वेलांटी लिहायची आधी, बोलायची नंतर, म्हणून मुलं ती भलत्याच अक्षराला जोडतात. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांत अक्षर एक, उच्चार दोन. ज्याला ही चूक कुठून येते हे ठाऊक आहे, तो शिक्षक रागावत नाही.

नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ संस्था पालघरच्या वाडा तालुक्यात हेच काम करते. वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या वर्गांचा अभ्यास शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी काही वर्षं केला. 2017 साली त्याचा अहवाल आला. यादगीर म्हणजे आपल्या मराठवाड्यासारखाच जुन्या निजामी राज्याचा मुलूख. तिथेही वर्गाचा वेळ एकासुरात म्हणण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जात होता; समजून वाचण्याला फारच थोडा उरत होता.

म्हणून मला मागच्या बाकावर येऊन बसणारा मार्गदर्शक महत्त्वाचा वाटतो. तो शेरेबुकासाठी आलेला नसतो. कोणत्या मुलानं तासाभरात एकदाही तोंड उघडलं नाही, गोष्ट वाचून दाखवताना बाई पानं उलटण्याआधी ‘पुढे काय होईल?’ असं विचारतात का, हे तो टिपतो. तास संपल्यावर चुका मोजत नाही. विचारतो, ‘बाई, या तीन पोरांना आज काय आलं?’ आणि गरज पडली तर उद्याचा तास स्वतः घेतो, बाई मागे बसतात. तांड्यावरच्या शाळेत तो फळ्यावर ‘याडी’ लिहायला सुचवतो. ‘या’ आणि ‘डी’. पोरांना पहिल्यांदा आपलं घर फळ्यावर दिसतं आणि काना, वेलांटी तिथूनच सुरू होते. ‘आई’ त्यानंतर येते, पाहुणी म्हणून नव्हे, दुसरी याडी म्हणून.

हे नेहमी घडत नाही, आणि याचा मला राग येतो. शिक्षण हक्क कायद्यानं साठपर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक दिलेत. म्हणजे पहिली-दुसरीच्या जोडीला आणखी वर्ग त्याच बाईंकडे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांची पोरं मधेच गळतात, फडावरून परतेपर्यंत शिकलेली अक्षरं पुसट होतात. केंद्रप्रमुखाचा दिवस माहिती भरण्यात आणि बैठकांत जातो. 2021 साली केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचेल असं ठरलं. ते गाठायला केंद्रप्रमुखाला पहिल्यांदा वर्गात बसायला मोकळा वेळ द्यावा लागेल.

पंधरा दिवसांनी तो मार्गदर्शक परत येतो, तेव्हा सगळ्या वर्गाचं वाचन ऐकत नाही. वही उघडतो आणि त्याच तीन पोरांना जवळ बोलावतो.