न झालेल्या धावांचा हिशेब

संघांत कोणास घ्यावें व कोणास वगळावें, हा प्रश्न देऊळगांव राजा येथील आमच्या मास्तरकीच्या दिवसांत दरवर्षीं पडे. एके वर्षीं धावा बेताच्या करणाऱ्या, पण हातीं आलेला चेंडू सहसा न सोडणाऱ्या एका मुलास आम्हीं वगळिलें, आणि धावांच्या वहींत ज्याचें नांव वर होतें त्यास घेतलें. सामन्यांत त्यानें बावीस धावा केल्या खऱ्या. परंतु एक सोपा झेल त्याच्या हातून निसटला, व जीवदान मिळालेल्या फलंदाजानें आमची पुरती दैना उडविली. वगळलेला मुलगा सीमारेषेबाहेर पाण्याची घागर घेऊन उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. त्यामुळें आमची चूक आम्हांस अधिकच लागली.

तेव्हांपासून एकनाथ सोलकर यांचे आंकडे आम्ही पुन्हां पुन्हां पाहत आलों आहों. मुंबईच्या हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या गृहस्थांचे हे चिरंजीव 27 कसोट्या खेळले. धावा 1068, सरासरी 25 हून किंचित् अधिक. एवढ्यावरच निकाल द्यावयाचा तर ‘सामान्य’ असा शेरा पडेल. पण त्याच 27 कसोट्यांत त्यांनीं 53 झेल घेतले, आणि त्यांतील कितीतरी फलंदाजाच्या अगदीं पुढ्यांत, शिरस्त्राणावांचून उभे राहून! 1971 सालीं ओव्हलवर पहिल्या डावांत 90 धावा काढणारा ॲलन नॉट दुसऱ्या डावांत वेंकटराघवन यांच्या चेंडूवर सोलकरांनीं झेपावून टिपला, तेव्हां त्याच्या नांवावर एकच धाव होती. इंग्लंडचा डाव 101 धावांत आटोपला. चंद्रशेखर यांचे सहा बळी सर्वांस ठाऊक आहेत. पण आपल्यापुढें उरलेल्या 173 धावा, नॉट टिकता तर किती झाल्या असत्या?

तथापि हिशेबांत सावधगिरी हवी. आपण होऊन ओंजळींत पडणारा झेल कोणीही घेतो; त्याचें श्रेय निराळें मोजूं नये. दुसऱ्याच्या हातून सुटला असता तेवढाच धरावा. तिशीच्या सरासरीचा फलंदाज जीवदान मिळाल्यास आणखी सुमारें तीस धावा करणार. असा एक जादा झेल दर कसोटीस मिळाला, तर दोन डावांचा मिळून 25 सरासरीचा खेळाडू 40 वाल्याच्या बरोबरीस येतो. अमेरिकेंत बेसबॉलचे जाणकार वांचविलेल्या धावा फलंदाजीच्या धावांत मिळवूनच खेळाडूचें मोल ठरवितात. उत्तरकालीन वैशेषिकांनीं तर अभाव हा सातवा पदार्थच मानिला आहे! आमच्या वहींत मात्र त्यास रकाना नव्हता.

अर्थात् झेल घेणारा मुलगा कोठेंही उभा करून चालत नाहीं. जेथें चेंडू क्वचित् जातो तेथें त्याचे हात फुकट जातात. शिवाय सोलकर केवळ हातांवर तगले नव्हते. त्याच ओव्हलवर पहिल्या डावांत 44 धावा व तीन बळी त्यांचेच होते.

पुढील वर्षीं आम्हीं वहींत एक रकाना वाढविला : कोणाच्या हातून किती झेल सुटले. मुलें कुरकुरलीं. पाण्याची घागर धरणारा तो मुलगा मात्र तोंवर दहावी होऊन शाळेंतून गेला होता.