खिशातला चाकू घेताय? आधी लॉक बघा, मग धार

अस्तंब्याच्या वाटेवर दीडशे रुपयांच्या चाकूनं आमचा घात केला. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. आज तुम्हाला सांगतो.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. धनत्रयोदशीला तळोद्याहून अस्तंब्याला निघालेल्या गर्दीत आम्ही पाच जण होतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कुणाला अस्तंबा समजावून सांगायला नको. बाहेरून शिकायला आलेल्यांसाठी एवढंच सांगतो, की हे सातपुड्यातलं उंच शिखर, अश्वत्थाम्याचं ठाणं. दिवाळीत पोरं घोळक्याघोळक्यानं डोंगर चढत तिथं जातात. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा अजून या डोंगरांत तेल मागत फिरतो, असं म्हणतात.

आम्हाला अश्वत्थामा काही भेटला नाही. जखम मात्र भेटली.

वाटेत एका ठिकाणी टेकलो. बॅगेला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीची गाठ काही केल्या सुटेना. मावसभावानं ऐटीत खिशातून फोल्डिंग चाकू काढला. आठवडे बाजारातून दीडशेला घेतलेला. काळी मूठ, त्यावर ड्रॅगन, उघडला की खट्ट आवाज. त्यानं टोक गाठीत खुपसलं आणि गाठ सैल करायला फिरवलं. पातं उलटं वळलं आणि सरळ त्याच्याच तर्जनीवर मिटलं.

रुमाल बांधून खाली उतरलो. तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलास. पण भावाचं तोंड बघवत नव्हतं. कारण तो पोलीस भरतीची तयारी करतोय. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. उजव्या हाताच्या तर्जनीला टाके म्हणजे गोळा बंद. पुढचा महिनाभर तो ग्राउंडवर नुसता पळत होता आणि बाकीच्यांचे गोळे कुठं पडतात ते बघत होता.

मी त्याला विचारलं, ‘घेताना काय बघितलं होतंस?’ तो म्हणाला, ‘धार बघितली ना भो. केस कापले जात होते.’

इथंच आपण सगळे चुकतो.

बोट कापतं कशानं?

मिटणाऱ्या चाकूत सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे पातं आणि मूठ जिथं जोडलेली असतात तो सांधा. उघडलेलं पातं तिथं कशानं तरी अडलं पाहिजे. ते कशानं अडतं, यावर तुमचं बोट अवलंबून आहे.

साध्या चाकूत नुसती स्प्रिंग असते. ती पात्याला दाबून धरते, पण उलट्या बाजूनं जोर आला की पातं मिटतं. फळ कापायला, पाकीट फाडायला, पेन्सिल तासायला असा चाकू चालतो. टोक खुपसून फिरवायचं काम त्याला सांगायचं नाही. भावाच्या चाकूत हीच स्प्रिंग होती आणि तीही ढिली.

दुसरा प्रकार लॉकवाला. त्यातले तीन दुकानात सहज ओळखता येतात. एकात मुठीच्या आत पातळ पट्टी असते. चाकू उघडला की ती सरकून पात्याच्या बुडाशी येऊन बसते. मिटवताना ती अंगठ्यानं बाजूला करायची. दुसऱ्यात मुठीच्या पाठीवर दाबायची जागा असते. ती दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. तिसऱ्यात मुठीच्या गळ्याशी गोल कडी असते, उघडल्यावर ती फिरवली की काम झालं.

ही कडी प्रसिद्ध झाली ती फ्रान्सच्या ओपिनेल चाकूमुळे. सॅव्हॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला. त्याला लॉकची कडी १९५५ मध्ये आली. म्हणजे चांगला चाकू बनवणाऱ्यांनाही लॉकची गरज पटायला पासष्ट वर्षं लागली. आपण निदान दुकानातली दोन मिनिटं तरी द्यावीत.

मग लॉक खरा की दिखाऊ, हे कसं ओळखायचं? चाकू पूर्ण उघडा. मूठ तळहातात अशी धरा, की एकही बोट पात्याच्या वाटेत येणार नाही. आता पात्याची बोथट पाठ काउंटरच्या लाकडावर टेकवून हळूहळू दाबा. लॉक सरकला किंवा पातं मिटायला लागलं, तर चाकू तिथंच ठेवून द्या. दुकानदारानं ‘असं कुणी बघतं का’ म्हटलं तरी ठेवून द्या.

मग पातं चिमटीत धरून डावीकडं-उजवीकडं हलवा. थोडं हलत असेल आणि सांध्याला स्क्रू असेल, तर आवळता येईल. सांधा रिव्हेटचा असेल आणि पातं नवं असतानाच डुलत असेल, तर पुढं ते वाढतच जाणार. शेवटी चाकू मिटवा. टोक मुठीच्या आत पूर्ण बुडालं पाहिजे. थोडंही बाहेर राहिलं, तर आधी खिसा फाटेल आणि मग मांडी.

पोलाद कोणतं?

चाकूच्या पात्यात मोटामोटी दोन जाती. कार्बन पोलाद आणि स्टेनलेस.

कार्बन पोलादाला धार पटकन लागते आणि चांगली लागते. पण ते गंजतं. आंबट लागलं की काळं पडतं. धडगावकडच्यांना हे माहीत असेल. अक्राणीच्या डोंगरांत उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी वाळवून आमचूर करतात. कैरीचा रस लागलेलं साधं पातं न पुसता ठेवलं, तर सकाळी त्याचा रंग बदललेला असतो. काम झालं की धुवायचं, पुसायचं, खायच्या तेलाचं बोट फिरवायचं. एवढं रोज करणार असाल तर कार्बन घ्या.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी स्टेनलेस बरं. आपण ताट धुवायचा कंटाळा करतो, पात्याला तेल कोण लावणार? फक्त स्टेनलेस म्हणजे कधीच गंजत नाही असं नाही. ओला चाकू मिटवून आठवडाभर बॅगेत ठेवला, तर सांध्यात गंज धरतोच.

पात्यावर कधी ४२० किंवा ४४० असा आकडा असतो. ही स्टेनलेसची जात. आकडा असला की चाकू चांगलाच, असं समजू नका. आकडा कोरणं सोपं असतं. पोलादाला पाणी नीट दिलंय का, ते पात्यावर वाचता येत नाही. पाणी कमी पडलं तर धार दोन दिवसांत वळते, जास्त झालं तर पात्याच्या कपच्या उडतात. म्हणून अगदी अनोळखी, रंगीबेरंगी चाकूपेक्षा ज्याचा बनवणारा माहीत आहे असा साधा चाकू कधीही बरा.

लांबी किती? दिसायला कसा?

तुमच्या चार बोटांची रुंदी म्हणजे साधारण सात-आठ सेंटिमीटर. रोजच्या कामाला तेवढं पातं भरपूर झालं. सफरचंद, दोरी, खोका, तंबूची पट्टी, सगळं होतं. ओपिनेलचा सगळ्यात ओळखीचा आठ नंबरचा चाकू घ्या, त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं आहे. स्विस चाकूचंही तसंच. कार्ल एल्सनरनं १८९७ मध्ये ज्या ‘ऑफिसर’ चाकूची नोंदणी केली, त्याचं नाव जगभर झालं ते लांब पात्यामुळे नाही. छोट्या जागेत पातं, कॉर्कस्क्रू आणि पेचकस मावले म्हणून.

हे दोन्ही चाकू आपल्याला महाग पडतात, मान्य. म्हणून एक आपल्याकडचा पत्ता सांगतो. चाकू घ्यायला आपण खेळण्यांच्या आणि गॉगलच्या स्टॉलवर जातो. त्याऐवजी कृषी केंद्रात जाऊन कलम करायचा चाकू मागा. आंबा, बोर, गुलाबाची कलमं करणारे तो वापरतात. बरेचसे मिटणारे असतात, मूठ साधी, पातं छोटं आणि कामाचं. दिवसभर फांद्या कापायच्या असल्यामुळे त्यात दिखाऊपणा कमी असतो. दोन गोष्टी मात्र बघा. लॉक असेलच असं नाही, तर वर सांगितलेली परीक्षा तिथंही घ्या. आणि काही पात्यांना एकाच बाजूनं धार असते. कलमाला ती उत्तम, पण कांदा कापताना पातं एका बाजूला ओढतं.

आता दिसण्याबद्दल. ड्रॅगन, कवटी, बटण दाबलं की उडणारं पातं या सगळ्याचे पैसे तुम्हीच देता. तेवढे लॉक आणि पोलादातून कमी होतात. शिवाय बटणाचा चाकू म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो सिनेमातला रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचा हा चाकू व्हिलनच्या हातात गेला आणि बदनाम झाला. तुमच्या बॅगेतून तसा चाकू निघाला, तर बघणाऱ्याला तुम्ही ट्रेकला निघालाय असं वाटणार नाही.

कायदा काय म्हणतो?

हा भाग भावानं सगळ्यात लक्ष देऊन ऐकला.

शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूसारख्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. आपला तीन इंची चाकू या मापाच्या खूप आत. पण गोष्ट इथं संपत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये कलम ३७ आहे. सण, निवडणुका, मोर्चे, तणाव असला की या कलमाखाली मनाई आदेश निघतो. तेवढ्या दिवसांत सार्वजनिक ठिकाणी शस्त्र, लाठी, सोटा, चाकू बाळगायला बंदी येते. इंटर्न म्हणून मला पहिल्याच आठवड्यात टाइप करायला मिळालेली बातमी हीच होती. चार ओळींची, आतल्या पानावर जाते, कुणी वाचत नाही. तुम्ही वाचत जा. त्या दिवसांत चाकू घरी ठेवायचा, मग तो केवढाही असो.

गुन्हा दाखल झाला तर काय? भरतीत निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी असते. तिथं ‘मी सफरचंद कापायला ठेवला होता’ हे समजावत बसावं लागेल. भावाचं एक बोट गेल्यात जमा होतं. दुसऱ्या वाटेनं अख्खी भरतीच गेली असती.

कॉलेजात, परीक्षेला, मिरवणुकीत चाकू न्यायचा नाही. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात ठेवावा लागतो. वाढदिवसाचा केक कापून रील टाकायला तर नकोच.

आणि एक. वर्गातल्या मैत्रिणीनं विचारलं, ‘पहाटेच्या एसटीला एकटी असते, सेफ्टीला ठेवू का?’ मी तिला नाही म्हटलं. भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. पण घाबरलेल्या हातानं मिटलेला चाकू उघडणं अवघड असतं. उघडलाच, तर समोरच्यानं हिसकावला की तो त्याचा झाला. त्यापेक्षा ११२ नंबर स्पीड डायलला ठेवा, घरच्यांना लोकेशन पाठवा आणि कंडक्टरजवळची सीट धरा.

घेतल्यावर

बोथट चाकू जास्त कापतो, कारण आपण जास्त जोर लावतो आणि तो निसटतो. महिन्यातून एकदा कुरुंदाच्या दगडावर धार लावा. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा. तळाची खरखरीत, न चकाकणारी कड असते, त्यावर पातं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा हलक्या हातानं फिरवा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून घ्या. कापताना पातं अंगापासून लांब न्या. चाकूनं स्क्रू पिळू नका, डबा उचकटू नका.

दुकानात दोन मिनिटं

- लॉक आहे का? पाठ दाबून बघितली का?
- पातं डुलतं का? सांध्याला स्क्रू की रिव्हेट?
- मिटल्यावर टोक आत बुडतं का?
- पातं चार बोटांएवढंच आहे ना?
- ओल्या हातात मूठ सटकेल का?
- उघडताना-मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येतं का?

महिन्यानं टाके सुकल्यावर भाऊ आणि मी कृषी केंद्रात गेलो. त्यानं चार चाकू काउंटरवर दाबून बघितले. तीन परत केले. चौथा घेतला. लाकडी मूठ, मागं लॉक, ड्रॅगन नाही.

परवा त्याच्याकडं पेरू खायला गेलो. चाकू मागितला, तर त्यानं तो मिटवून जमिनीवर ठेवला. हातात दिला की भांडण होतं म्हणे. मी उचलला. तो गोळा घेऊन ग्राउंडवर गेला.