वाराणसीतील विद्यापीठे आणि सार्वजनिक निधीचा हिशेब

विद्यापीठातील आर्थिक गैरव्यवहाराचे वृत्त आले की त्यापाठोपाठ चौकशी समिती नेमण्यात आल्याचेही वृत्त येते. मात्र त्या समितीला कोणते अधिकार असतात, तिच्या अहवालाचे पुढे काय होते आणि दोषी ठरणाऱ्यावर कोणत्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते, याची माहिती वाचकांना क्वचितच मिळते. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी वाराणसीइतके सोयीचे दुसरे शहर नाही. तेथे अशा प्रकरणांचा इतिहास सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचे बनारस येथील रेसिडेंट जोनाथन डंकन यांनी १७९१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. हेच डंकन पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले; त्यांची समाधी मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे. पाठशाळेसाठी बनारस प्रांताच्या वाढीव महसुलातून पहिल्या वर्षी १४ हजार आणि नंतर वार्षिक २० हजार रुपयांची तरतूद करण्यात आली. शेतसाऱ्यातून आलेला हा पैसा होता, म्हणजे आजच्या भाषेत सार्वजनिक निधी. अवघ्या काही वर्षांत तक्रारी सुरू झाल्या, त्यांची चौकशी करण्यात आली आणि पाठशाळेचे पहिले प्रमुख काशिनाथ पंडित यांना हिशेबातील अफरातफरीच्या ठपक्यावरून १८०१ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. याच पाठशाळेचे १९५८ मध्ये विद्यापीठात रूपांतर झाले आणि १९७४ पासून ते संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. अलीकडच्या काळात उत्तर प्रदेशातील प्राथमिक शिक्षकांच्या भरतीत वापरल्या गेलेल्या बनावट पदव्यांचा तपास राज्याच्या विशेष तपास पथकाने केला, तेव्हा या विद्यापीठातील गुणनोंदींची कागदपत्रेही तपासण्यात आली. बनावट पदवीवर नोकरी मिळाली की वेतन सरकारी तिजोरीतूनच जाते. त्यामुळे हा विषयही अखेर निधीचाच ठरतो.

बनारस हिंदू विद्यापीठाची कथा निराळी आहे. ते उभे राहिले प्रामुख्याने देणग्यांतून. पंडित मदनमोहन मालवीय यांनी संस्थानिकांपासून सामान्य गृहस्थांपर्यंत सर्वांकडून निधी गोळा केला. १९१५ च्या बनारस हिंदू विद्यापीठ अधिनियमात आवर्ती खर्चासाठी ५० लाख रुपयांचा कायम निधी सुरक्षित रोख्यांत गुंतवून ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. विद्यापीठ स्थापन करतानाच पैशाच्या सुरक्षिततेचा विचार कायद्यात लिहिला गेला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

४ फेब्रुवारी १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. त्यानिमित्तच्या समारंभात ६ फेब्रुवारीला गांधीजींचे भाषण झाले. व्यासपीठावरील संस्थानिकांच्या दागदागिन्यांकडे निर्देश करून, हे धन देशबांधवांच्या वतीने विश्वस्त म्हणून बाळगावे, असे त्यांनी सुनावले. मोठमोठ्या इमारती शेतकऱ्यांच्या श्रमाच्या पैशातून उभ्या राहतात, हेही त्यांनी सांगितले. अ‍ॅनी बेझंट यांनी हरकत घेतली आणि भाषण अर्धवट राहिले. त्या वर्षी काशीत असलेल्या विनोबा भावे यांनी या भाषणाचा वृत्तांत वाचून गांधीजींना पत्र लिहिले आणि जूनमध्ये ते आश्रमात दाखल झाले. विद्यापीठातील पैशाबाबतची आजची सारी कायदेशीर व्यवस्था विश्वस्ततेच्या याच कल्पनेवर उभी आहे, असे म्हणता येईल.

स्वातंत्र्यानंतर देणग्यांची जागा हळूहळू केंद्र सरकारच्या अनुदानाने घेतली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत ६३ व्या नोंदीत या विद्यापीठाचा नावानिशी उल्लेख आहे. राष्ट्रपती त्याचे अभ्यागत, म्हणजे व्हिजिटर, असतात. विद्यापीठाची पाहणी वा चौकशी करविण्याचा अधिकार अभ्यागतांना आहे. १९५७ मध्ये तो वापरण्यात आला.

मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५८ मध्ये अहवाल सादर केला. तो अतिशय कठोर होता. विद्यापीठात गटबाजी बोकाळली आहे, अध्यापकांचे गट निवडणुकांद्वारे सर्व सत्तामंडळांवर ताबा मिळवतात आणि नेमणुका व बढत्यांमध्ये आप्तस्वकीयांची वर्णी लागते, असा समितीच्या निष्कर्षांचा रोख होता. येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. निधीचा गैरवापर म्हणजे केवळ तिजोरीतून रक्कम उचलणे नव्हे. विद्यापीठाच्या खर्चाचा फार मोठा भाग वेतनावर जातो. अपात्र व्यक्तीची नेमणूक झाली तर निवृत्तीपर्यंत तिचे वेतन आणि त्यानंतर बहुधा निवृत्तिवेतनही सार्वजनिक निधीतूनच द्यावे लागते. लेखापरीक्षकाला मात्र त्यात सहसा काही सापडत नाही, कारण प्रत्येक पावती बरोबर असते. नेमणारा, नेमला जाणारा आणि हिशेब मंजूर करणारा एकाच गटाचे असतील तर तक्रार तरी कोणाकडे करणार, हा त्या काळचा खरा प्रश्न होता.

सरकारने अहवालानंतर विलंब लावला नाही. जून १९५८ मध्ये अध्यादेश काढण्यात आला आणि त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती अधिनियम संमत केला. निवडणुकीने येणाऱ्या मंडळांऐवजी नामनियुक्त मंडळे आली. ज्यांचे सेवेत राहणे विद्यापीठाच्या हिताला बाधक आहे असे कार्यकारी परिषदेला वाटेल, त्यांची प्रकरणे आधी भारताच्या सॉलिसिटर जनरलकडे पाठवावीत आणि त्यांना प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास ती छाननी समितीपुढे ठेवावीत, अशी विशेष तरतूद परिनियमांत करण्यात आली. उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायाधीश या समितीत असणे आवश्यक होते.

पुढे काय झाले ते आजच्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. काही अध्यापकांच्या बाबतीत कार्यकारी परिषदेने ही लांबची वाट सोडली आणि सर्वसाधारण सेवानियमांचा आधार घेऊन त्यांची सेवा समाप्त केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गैरवर्तनाचे आरोप ठेवायचे असतील तर त्यासाठी आखलेल्या पद्धतीनेच जावे लागेल, तिला बगल देता येणार नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने १९६१ मध्ये विद्यापीठाची कारवाई रद्द ठरवली. आरोप खरे की खोटे, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. तो अनुत्तरित राहिला. चौकशीतील घाई अनेकदा आरोपीच्याच पथ्यावर पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

त्यानंतर १९६९ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थी असंतोषाच्या चौकशीसाठी दुसरी समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष होते साताऱ्यात जन्मलेले माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर. ते त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्या समितीनंतर कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली. विशेष म्हणजे, १९५८ चे विधेयक शिक्षणमंत्री या नात्याने संसदेत मांडणारे डॉ. कालूलाल श्रीमाळी १९६९ मध्ये याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आज केंद्रीय विद्यापीठांच्या हिशेबांवर देखरेख कशी ठेवली जाते? अनुदान विद्यापीठ अनुदान आयोगामार्फत येते. ते ज्या कारणासाठी मिळाले त्याच कारणासाठी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार सादर करावे लागते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक वार्षिक लेख्यांची तपासणी करतात आणि त्यांचा अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवला जातो. वाराणसीतील संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ आणि महात्मा गांधी काशी विद्यापीठ ही मात्र राज्य विद्यापीठे आहेत. त्यांना उत्तर प्रदेश राज्य विद्यापीठ अधिनियम, १९७३ लागू असून राज्यपाल त्यांचे कुलाधिपती असतात. त्यामुळे एकाच शहरातील दोन विद्यापीठांत सारखाच गैरप्रकार घडला तरी तक्रारीचा मार्ग वेगळा असू शकतो.

फौजदारी कारवाईसाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ आहे. त्यातील लोकसेवकाच्या व्याख्येत कुलगुरू, प्राध्यापक आणि विद्यापीठाचे परीक्षक यांचा स्पष्ट समावेश आहे. अभिमत विद्यापीठांशी संबंधित व्यक्तीही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, असा निर्णय गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये दिला. सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार सिद्ध झाल्यास चार ते दहा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

तथापि २०१८ च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. सार्वजनिक हित नसताना दुसऱ्याला आर्थिक लाभ मिळवून देणे हा पूर्वी स्वतंत्र गुन्हा होता. ते कलम वगळण्यात आले. तसेच कर्तव्य बजावताना घेतलेल्या निर्णयाबाबत तपास सुरू करण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेणे कलम १७ अ अन्वये आवश्यक झाले. प्रामाणिक अधिकाऱ्याला निर्णय घेताना भीती वाटू नये, हा त्यामागील युक्तिवाद. तो अगदीच चुकीचा नाही. परंतु विद्यापीठातील बहुतेक गैरव्यवहार लाचेच्या पाकिटापेक्षा खरेदीच्या टिपणीतून, निविदेच्या अटींतून आणि निवड समितीच्या इतिवृत्तातून घडतात. अशा प्रकरणांत आता स्वतःचा लाभ किंवा अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो आणि ते कठीण असते.

खरेदीतील बेफिकिरी किती गंभीर ठरू शकते, हे विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयातील प्रकरणातून दिसले. जून २०१७ मध्ये तेथे शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांचा मृत्यू झाला. राज्याच्या औषध प्रशासनाच्या तपासात, भूल देण्यासाठी औषधी दर्जाचा नसलेला नायट्रस ऑक्साइड वापरला गेल्याचे आढळले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने चौकशीचा आदेश दिला होता. मृत्यू त्या वायूमुळेच झाले का, हा वैद्यकीय प्रश्न झाला. शस्त्रक्रियागृहापर्यंत असा वायू कोणत्या खरेदी आदेशाने पोहोचला, हा प्रश्न मात्र कागदपत्रांचा आहे.

अशी कागदपत्रे आता केवळ चौकशी समितीपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार केंद्र व राज्य विद्यापीठे सार्वजनिक प्राधिकरणे ठरतात. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्चाचा तपशील त्यांनी कलम ४ अन्वये स्वतःहून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. जो तपशील प्रसिद्ध झालेला नाही, तो मागण्यासाठी केंद्रीय विद्यापीठात अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे.