अभियांत्रिकीचीं खातीं कशीं पडतात

एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचें माहितीपत्रक उघडलें कीं स्थापत्य, यंत्र, विद्युत् अशी खात्यांची माळच डोळ्यांसमोर येते, आणि ही विभागणी जणूं निसर्गानेंच घालून दिली असावी असें पालकांस वाटतें. वस्तुतः ती माणसांनीं केलेली व वेळोवेळीं मोडलेली व्यवस्था होय. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

१८६२ च्या मॉरिल कायद्यान्वयें तेथील राज्यांना जमिनी मिळाल्या. त्यांच्या उत्पन्नांतून शेतकी व यंत्रकला शिकविणाऱ्या संस्था उभ्या राहाव्या, हा हेतु. त्याप्रमाणें १८६७ सालीं 'इलिनॉय औद्योगिक विद्यापीठ' स्थापन झालें. नांवांतील 'औद्योगिक' हा शब्द १८८५ मध्यें गळाला. तेथील अभियांत्रिकीचे दीर्घकाळ प्रमुख असलेले नेथन रिकर हे वास्तुशिल्पी होते. १८७३ सालीं अमेरिकेंत वास्तुकलेची पदवी मिळविणारे ते पहिलेच विद्यार्थी. पुढें १९३१ मध्यें ललितकलांचें निराळें महाविद्यालय निघालें आणि वास्तुकला तिकडे गेली. पदार्थविज्ञान मात्र आजही अभियांत्रिकीच्याच छपराखालीं आहे. इतरत्र तें बहुधा विज्ञानशाखेंत असतें.

हा शेजार नुसता कागदोपत्रीं नाहीं. जॉन बार्डीन १९५१ मध्यें येथें आले ते विद्युत् अभियांत्रिकी व पदार्थविज्ञान अशा दोन्ही खात्यांचे प्राध्यापक म्हणून. बेल प्रयोगशाळेंतील ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल त्यांना १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९५७ मध्यें कूपर व श्रीफर यांच्यासह त्यांनीं अतिवाहकतेची उपपत्ति मांडली. कडाक्याच्या थंडींत कांहीं धातूंतील इलेक्ट्रॉन जोड्यांनीं वावरूं लागतात आणि विजेला अडथळाच उरत नाहीं, असें तिचें थोडक्यांत सार. या कामगिरीबद्दल १९७२ मध्यें त्यांना दुसरें नोबेल पारितोषिक लाभलें. त्यांचे येथील पहिले संशोधक विद्यार्थी निक होलोन्याक हे विद्युत् खात्यांतले. त्यांनीं १९६२ मध्यें जनरल इलेक्ट्रिक कंपनींत तांबडा प्रकाश देणारा डायोड बनविला, आणि पुढच्याच वर्षीं ते इलिनॉयला शिक्षक म्हणून परतले. घरोघरच्या यंत्रांवर चमकणारा तांबडा ठिपका त्याच कुळांतला.

याउलट, यामिकी म्हणजे भार व हालचाल यांचें शास्त्र. त्याचें खातें येथें १८९० पासून होतें. आर्थर टॅलबट यांनीं लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या तुळयांवर मुद्दाम भार चढवून त्या मोडून पाहिल्या, आणि पुलांच्या व इमारतींच्या गणितास त्यांतून आधार मिळाला. हें खातें २००६ मध्यें यंत्र अभियांत्रिकींत विलीन झालें. विषय संपला असें नव्हे. पण त्याच्यासाठीं जागा, पैसा व शिक्षक स्वतंत्रपणें मागणारें खातें राहिलें नाहीं, आणि ही गोष्ट लहान नाहीं.

खात्याची वाट न पाहतां जन्मलेला विषय म्हणजे गणकयंत्रांचा. २,८०० निर्वात नळ्यांचें 'इलियाक' येथें १९५२ मध्यें चालूं झालें; गणकशास्त्राचें खातें निघालें तें १९६४ सालीं.