पाचर : हातांनी जपलेले विज्ञान

शालेय विज्ञानात तरफ, कप्पी आणि उतरण यांच्याबरोबर पाचर हे साधे यंत्र शिकवले जाते. दोन उतरणी तळाशी तळ लावून जोडल्या की पाचर होते. तिच्या जाड माथ्यावर घाव घातला की धार आत शिरते आणि घावाचे बल दोन्ही बाजूंना फाकवणाऱ्या बलात पालटते. १२ सेंटीमीटर लांब व माथ्याशी ३ सेंटीमीटर जाड पाचर, घर्षण वगळल्यास, बल चौपट करते. मात्र ३ सेंटीमीटर फट पाडण्यासाठी तिला १२ सेंटीमीटर आत जावे लागते.

विळी, सुई, खिळा, नांगराचा फाळ आणि आपले पटाशीचे दात ही पाचरीचीच रूपे होत. कुदळीच्या दांड्यात ठोकलेली पाचर मात्र फोडत नाही. घर्षणाच्या बळावर ती दांडा घट्ट धरून ठेवते.

पुणे जिल्ह्यातील कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी हे छिन्नीचे, म्हणजे पाचरीचेच, कर्तृत्व आहे. कार्ल्याचे सुमारे ३८ मीटर लांबीचे चैत्यगृह सुमारे २००० वर्षांपूर्वी अखंड कातळात कोरले गेले. तेथील ब्राह्मी लेखात धेनुकाकट येथील सामी या सुताराने प्रवेशद्वार केल्याची नोंद आहे. धम्माच्या त्या वास्तूत कारागिराचे नाव दगडावर टिकून राहिले.

पुढे मात्र वडाराची छिन्नी, चर्मकाराची रापी, सुताराचा वाकस यांतील ज्ञान ज्ञान म्हणून गणले गेले नाही. ज्यांना पाचर कळली त्यांना पाटी मिळाली नाही. ज्यांना पाटी मिळाली त्यांनी घण उचलला नाही. जातिव्यवस्था श्रमणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. हात आणि बुद्धी यांतील फारकत हे त्याच तुटीचे फळ होय.

ही तूट सांधणे हे आम्ही शाळेचे काम मानतो. म्हणून हा पाठ शिकवताना फळ्यावरील आकृतीशेजारी घरातील हत्यारही असावे, असा आमचा आग्रह आहे. ज्यांच्या घरी कोणी खाणीत राबले असेल, त्यांनी मुलांना सांगावे : दगडावर एका रेषेत छिद्रे पाडतात, प्रत्येकात पाचर बसवतात आणि सर्व पाचरींवर आळीपाळीने घाव घालतात, एकाच पाचरीवर जोर दिला तर तडा भलतीकडे जातो. मुलांनी ते वहीत लिहून घ्यावे आणि सांगणाऱ्याचे नाव खाली आवर्जून नोंदवावे.